पगार पक्का की नोकरी पक्की?

नाशिकमध्ये अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या मोठ्या कारखान्याच्या गेटवर ‘ब्लॉक क्लोजर’ची, म्हणजे काही दिवस कारखाना बंद ठेवण्याची, नोटीस लागली, की तिचा अर्थ प्रत्येकासाठी वेगळा असतो. परमनंट कामगार करारात काय लिहिलंय ते बघतो आणि शिल्लक रजा मोजतो. बंदचे दिवस संपले की आपण पुन्हा कामावर असू, याची त्याला खात्री असते. ठेकेदाराकडचा पोरगा त्याच संध्याकाळी सुपरवायझरला फोन लावतो, ‘साहेब, सोमवारी यायचं का?’ आणि त्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या सिन्नरच्या किंवा गोंद्याच्या छोट्या वर्कशॉपमध्ये अजून कसलीच नोटीस नसते. तिथे फक्त पुढच्या आठवड्याचं शेड्यूल आलेलं नसतं.

कारण तिघांसाठी एकच आहे: बाजारात गाड्या कमी खपल्या. पण फटका एकाच्या रजेवर निभावला, दुसऱ्याच्या नोकरीवर आला, आणि तिसऱ्या ठिकाणी तो कुणावर येणार हे मालक अजून कागदावर मांडतोय. कारखान्याची मिळकत घटली की ती तूट कुणाला तरी सोसावीच लागते. कुणी सोसायची, हे बऱ्याच अंशी मंदी येण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. पगार कसा द्यायचा हे ठरलं, तेव्हाच.

पगाराच्या ढोबळ दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत आकडा ठरलेला असतो. धंदा तेजीत असो वा मंदीत, महिना भरला की तेवढी रक्कम मिळाली पाहिजे. याला आपण ताठर पगार म्हणू. दुसऱ्या पद्धतीत पगाराचा काही भाग उत्पादनाबरोबर, नफ्याबरोबर किंवा कामाच्या तासांबरोबर वरखाली होतो. तो लवचिक पगार. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी दोन्हींची सरमिसळ असते: मूळ पगार पक्का, ओव्हरटाइम आणि दिवाळीचा बोनस हलता. प्रश्न एवढाच की हलता भाग किती, आणि त्याच्या बदल्यात कामगाराला काय मिळतं.

वीस माणसांचा हिशोब

समजा सातपूरमध्ये एक वर्कशॉप आहे. वीस कामगार, प्रत्येकाला महिना 20,000 रुपये, म्हणजे पगाराचे 4 लाख. महिन्याची विक्री 18 लाख. कच्चा माल आणि वीज मिळून 11 लाख. शेडचं भाडं, मशीनचे हप्ते आणि किरकोळ खर्च 2 लाख. मालकाकडे उरतो 1 लाख.

आता ऑर्डर 20 टक्क्यांनी घटली. विक्री आली 14 लाख 40 हजारांवर. माल कमी लागला म्हणून तो खर्च 8 लाख 80 हजार झाला. भाडं आणि हप्ते मात्र 2 लाखच, कारण बँक तुमची ऑर्डर बघून हप्ता ठरवत नाही. पगारासाठी हाती उरले 3 लाख 60 हजार, आणि पगार आहे 4 लाखांचा. मालकाचा नफा गेला, वर 40 हजारांची खोट. नफ्यावर पाणी सोडून नुसतं बरोबरीत यायचं म्हटलं तरी दोन माणसं कमी होतात. पूर्वीचा 1 लाखाचा नफा राखायचाच असं मालकाने ठरवलं, तर सात.

हेच वर्कशॉप दुसऱ्या पद्धतीने चालवू. प्रत्येकाला 16,000 पक्के, आणि सगळा खर्च जाऊन जे उरेल त्यातलं निम्मं कामगारांना. चांगल्या महिन्यात पक्क्या पगाराचे 3 लाख 20 हजार वजा करून 1 लाख 80 हजार उरतात. त्यातले 90 हजार वीस जणांत वाटले की प्रत्येकी 4,500, म्हणजे एकूण 20,500. जोखीम उचलल्याबद्दल 500 रुपये जास्त. वाईट महिन्यात उरतात 40 हजार. त्यातले 20 हजार कामगारांचे, प्रत्येकी 1,000. पगार झाला 17,000. मालकाकडेही 20 हजार राहिले, आणि माणूस एकही कमी करावा लागला नाही.

बारकाईने बघणाऱ्याच्या लक्षात येईल, की पहिल्या वाटणीत अठरा जणांना मिळून 3 लाख 60 हजार मिळाले आणि दुसऱ्या वाटणीत वीस जणांना मिळून 3 लाख 40 हजार. म्हणजे कामगारांच्या बाजूचे 20 हजार मालकाकडे गेले. वाटणीचा टक्का किती असावा, यावर म्हणूनच खरी घासाघीस व्हायला हवी. पण मुख्य मुद्दा तसाच राहतो. पगार ताठर ठेवल्याने अनिश्चितता नाहीशी झाली नाही. वीस जणांनी प्रत्येकी 3,000 ची झळ सोसायची, की दोघांनी संपूर्ण 20,000 ची, एवढाच फरक पडला.

आणि ते दोघे कोण, हेही साधारण आधीच ठरलेलं असतं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपात करताना ‘जो शेवटी आला तो आधी गेला’ हे तत्त्व होतं, आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या श्रम संहितेतही ते टिकून आहे. आता वीस जणांना विचारा, पगार थोडा कमी करायचा की दोघांना काढायचं? जुन्या अठरा जणांना ठाऊक असतं की ते दोघे आपण नाही. त्यांनी ताठर पगाराच्या बाजूने कौल दिला तर त्यात कुणी वाईट माणूस नाही. त्यांच्या घरचं गणितच तसं आहे. सिडकोतल्या किंवा पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटचा हप्ता 17,000 च्या पगाराला 15 टक्क्यांची सूट देत नाही.

वर चढलेला आकडा खाली का येत नाही?

मग मालक सरळ पगारच का कमी करत नाहीत? येल विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ ट्रुमन ब्यूली यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत मंदी असताना, ईशान्येकडच्या राज्यांतल्या तीनशेहून जास्त लोकांना हेच विचारलं. त्यात मालक होते, व्यवस्थापक होते, कामगार नेते होते, बेकारांना सल्ला देणारे होते. उत्तर बहुतेकांचं एकाच दिशेचं होतं. पगार कापला की सगळ्यांचं मन कामावरून उडतं आणि ते सगळे उद्याही इथेच असतात. काही जणांना काढलं तर दुःख होतं, पण दुखावलेला माणूस गेटबाहेर जातो आणि आतलं काम चालू राहतं. हे वाचायला कठोर वाटतं. पण नोकरकपात ही अनेकदा मालकाच्या दृष्टीने पगारकपातीपेक्षा सोपी का ठरते, ते यातून कळतं.

हे फक्त कारखान्यांचं नाही. सुप्रीत कौर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी भारतातल्या सहाशेहून जास्त जिल्ह्यांची 1956 ते 2008 या काळातली शेतमजुरी तपासली. पाऊस चांगला झाला की मजुरीचा दर वर जातो. पुढच्या वर्षी पाऊस सरासरीवर आला, तरी दर खाली येत नाही. दुष्काळ पडला तरीही नाही. मग होतं काय, तर काम कमी होतं. चांगल्या वर्षानंतरच्या वर्षी शेतमजुरांना मिळणारं काम, दर चढलाच नसता तर जेवढं मिळालं असतं त्याच्यापेक्षा सुमारे 9 टक्क्यांनी कमी भरलं. ज्यांच्याकडे थोडी जमीन होती ते बाहेर काम मिळेना म्हणून स्वतःच्या तुकड्यावर जास्त राबले.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष पट्ट्यात ज्याचं येणंजाणं आहे, त्याला हे ओळखीचं वाटेल. ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत, पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्यांना मागणी असते तेव्हा, जो रोज ठरतो तो पुढच्या हंगामाचा तळ बनतो. अवकाळीने बाग झोडपली म्हणून कुणी आदल्या वर्षीपेक्षा कमी रोज मागत नाही. बागायतदार चार बायका कमी बोलावतो आणि घरची माणसं कामाला लावतो. कौर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशातल्या गावांमध्ये एक प्रयोगही केला होता. चालू दरापेक्षा कमी मजुरीवर काम देऊ केलं, तर रिकामे मजूर एकट्याला विचारल्यावर तयार होत. तेच विचारणं गावातल्या बाकीच्यांच्या देखत झालं तर फार थोडे हो म्हणत. कारण एकाने दर पाडला की तो सगळ्यांचाच पडतो, हे गावाला कळतं. मजुरीचा ताठरपणा हा मजुरांनी एकमेकांना दिलेला आधार आहे. त्याची किंमत त्यांच्यातलेच काही जण काम गमावून मोजतात, ही त्यातली वेदना.

एक गोष्ट मात्र आकडा खाली न आणताही पगार खाली आणते: महागाई. 20,000 चा पगार तीन वर्षं तसाच राहिला आणि महागाई वर्षाला 5 टक्के असली, तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी त्या पगारात आजच्या 17,300 रुपयांच्या आसपासचाच बाजार येतो. वरच्या उदाहरणातली कपात जवळपास एवढीच होती. एका फटक्यात कापली तर गेटवर सभा होईल, तीन वर्षांत झिजली तर होत नाही. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी 1936 मध्ये नेमकं याकडे लक्ष वेधलं होतं, आणि कौर यांच्या आकडेवारीतही महागाई असते तेव्हा रोजगाराचा फटका सौम्य होतो. महागाई भत्त्यासाठी आपल्या कामगार चळवळीने इतका जीव का टाकला, तेही यातून समजतं. निर्देशांकाला जोडलेला भत्ता ही चोरवाट बंद करतो.

बोनसची गोष्ट

आपल्याकडे लवचिक पगाराचा सगळ्यात जुना आणि ओळखीचा प्रकार म्हणजे बोनस. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या कापडगिरण्यांना भरमसाट नफा झाला, तेव्हा 1917 मध्ये गिरणीमालकांनी पगाराच्या 10 टक्के ‘वॉर बोनस’ दिला. पुढची काही वर्षं बोनस मिळत राहिला. कामगार तो धरूनच घरखर्च चालवू लागले, गावी पैसे पाठवू लागले. 1923 मध्ये धंदा खालावला, मालकांनी बोनस नाकारला आणि 1924 च्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या संपाने बंद पडल्या. सरकारने नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीने निकाल दिला की बोनसवर कामगारांचा कोणताही हक्क पोहोचत नाही. संप फसला.

कायद्याचं उत्तर काहीही असो, जगण्याचं उत्तर वेगळं होतं. जी रक्कम दरवर्षी मिळते, ती माणूस पगारातच धरतो. स्वातंत्र्यानंतर लवादांनी सूत्रं बसवली आणि शेवटी 1965 चा बोनस कायदा आला. त्यात किमान बोनस सुरुवातीला 4 टक्के होता, पुढे तो 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, झाला; कमाल 20 टक्के. किमान बोनस तोट्याच्या वर्षीही द्यावा लागतो. म्हणजे कायद्याने बोनसचा खालचा भाग ताठर केला आणि 8.33 ते 20 या मधल्या पट्ट्यात लवचिकता ठेवली. दिवाळीआधी सातपूर-अंबडमध्ये ज्या बोनसच्या वाटाघाटी चालतात, त्या मुख्यतः या पट्ट्यात आणि त्याच्या वर मिळणाऱ्या सानुग्रह रकमेवर. मला ही रचना शहाणपणाची वाटते. तळ पक्का, वरचा भाग धंद्याबरोबर.

वाइट्झमन यांचा दावा

लवचिक पगारामुळे बेकारीच कमी होईल, असं 1984 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ मार्टिन वाइट्झमन यांनी ठामपणे मांडलं. त्यांचा युक्तिवाद आपल्या वर्कशॉपवरच लावून बघू. ताठर पद्धतीत एकविसावा माणूस घ्यायचा तर मालकाला 20,000 चा विचार करावा लागतो. तो माणूस महिन्याला 18,000 ची भर घालणार असेल, तर मालक त्याला घेणार नाही. लवचिक पद्धतीत मालकाच्या डोक्यात आधी 16,000 येतात. 18,000 ची भर पडते, म्हणजे 2,000 उरतात, निम्मे मालकाचे. मालक त्याला घेतो. अशा कंपन्या सतत माणसांच्या शोधात राहतील, आणि मंदी आली तरी काढण्याची घाई करणार नाहीत, असं वाइट्झमन म्हणत.

यातली अडचणही याच वर्कशॉपमध्ये दिसते. चांगल्या महिन्यात वीस जण 90 हजार वाटून घेत होते. आता एकवीस जण 91 हजार वाटून घेतात. जुन्या प्रत्येकाच्या वाट्याला 4,500 ऐवजी सुमारे 4,330 येतात. नवा माणूस आला की जुन्याचा वाटा पातळ होतो. म्हणून जुन्यांना भरती नको असते. दुसरी अडचण याहून मोठी: ‘उरलेला पैसा’ किती, हे कोण सांगणार? हिशोबाची वही मालकाच्या कपाटात असेल, तर कामगाराने नफ्यावर पगार घेणं म्हणजे दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर घर चालवणं. मालकाच्या भावाच्या नावावरच्या कंपनीला किती भाडं दिलं, गाडीचा खर्च कुठे टाकला, हे कळल्याशिवाय नफ्याचा वाटा ही विश्वासाने घ्यायची गोष्ट नाही. छोट्या वर्कशॉपमध्ये तर हे जास्तच खरं.

तरीही लवचिकता नीट बांधली तर ती नोकरी वाचवते, याची उदाहरणं आहेत. जर्मनीत फोक्सवॅगनने 1993 मध्ये सुमारे 30 हजार माणसं जास्त झाल्याचं सांगितलं. युनियनशी करार झाला आणि आठवडा 36 तासांवरून 28.8 तासांवर आणला. वर्षाचा पगार घटला, पण तासांइतका नाही. आणि इथली हुशारी बघा: वर्षाकाठी एकरकमी मिळणारे बोनस बारा महिन्यांत पसरून दिले, त्यामुळे दर महिन्याला हातात येणारी रक्कम जवळपास तीच राहिली. ज्याला घराचा हप्ता भरायचाय, त्याच्यासाठी वर्षाच्या बेरजेइतकंच महिन्याच्या रकमेला महत्त्व असतं. ते करार करणाऱ्यांना कळलेलं होतं. बदल्यात कंपनीने करारापुरती नोकरकपात न करण्याची लेखी हमी दिली. 2009 च्या मंदीतही जर्मनीने हाच मार्ग देशभर वापरला. कामाचे तास कमी करायचे, बुडालेल्या निव्वळ पगाराचा 60 टक्के भाग, मूल असेल तर 67 टक्के, सरकारी विमा निधीतून द्यायचा. त्या वर्षी जर्मनीचं उत्पन्न सुमारे 5 टक्क्यांनी घसरलं, पण बेकारी फारशी वाढली नाही.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडची लिंकन इलेक्ट्रिक ही वेल्डिंगची यंत्रं बनवणारी कंपनी अजून टोकाचं उदाहरण. तिथे नगावर मजुरी आणि वर्षाकाठी मोठा बोनस, म्हणजे पगार फारच हलता. पण 1958 पासून ठरावीक वर्षं नोकरी झालेल्याला मंदीतही ठरावीक तासांच्या कामाची हमी. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला विक्री जोरात आपटली, तेव्हा कारखान्यातल्या काही कामगारांना विक्रीच्या कामाला पाठवलं, पण काढलं नाही. या दोन्ही ठिकाणी लवचिक पगार आणि नोकरीची हमी एकाच कागदावर आहेत. पहिली गोष्ट घेतली आणि दुसरी विसरली, तर उरते ती नुसती पगारकपात.

हमीशिवायची लवचिकता कशी असते, ते बघायला आपल्या जिल्ह्याबाहेर जायला नको. मालेगावच्या पॉवरलूमवर जितकं कापड निघालं तितकी मजुरी, ही रीत जुनी. सुताचे भाव चढले, कापडाला उठाव नसला, की लूम काही दिवस बंद. कामगाराला कुणी काढून टाकलेलं नसतं. तो त्याच लूमवरचा कामगार असतो. फक्त त्या आठवड्यात मजुरी नसते. येवल्याच्या पैठणीवर नगावर काम करणाऱ्या विणकराचंही ऑर्डर आटली की हेच होतं. इथे नोकरी टिकली असं म्हणायला जीभ रेटत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला नाशिकरोडचे नोटा छापणारे सरकारी प्रेस आणि ओझरचा एचएएल हा सरकारी विमान कारखाना आहे. तिथे पगार ताठर आणि नोकरीही पक्की. कारण तिथलं काम सरकारचं, ते गाड्यांच्या खपाबरोबर महिन्या-महिन्याला हेलकावे खात नाही. ताठर पगार नोकरीला तेव्हाच महाग पडतो, जेव्हा मिळकत हलती असते आणि मालकाकडे वाईट दिवसांसाठी साठवलेलं काही नसतं. नाशिकचा बराचसा खासगी कारखानदारी उद्योग वाहनांवर आणि विजेच्या उपकरणांवर उभा आहे. तो हलतोच.

नाशिकमध्ये हलतं काय?

मोठ्या कारखान्यात परमनंट कामगाराचा पगार दर तीन-चार वर्षांच्या करारात ठरतो आणि तो खाली येत नाही. कंपनीची विक्री मात्र दर तिमाहीला हलते. मग लवचिकता कुठून आणतात? ती माणसांतून आणतात. ठेकेदाराचे कामगार, अप्रेंटिस, ट्रेनी, सात महिन्यांवर घेतलेले टेम्पररी. वर्षात 240 दिवस भरले की कायद्याची काही संरक्षणं लागू होतात, म्हणून त्याआधी ब्रेक देण्याची पद्धत औद्योगिक वसाहतींत सर्रास आहे. 2019 मध्ये वाहन उद्योग घसरला, तेव्हा आधी ओव्हरटाइम थांबला, मग ठेक्यावरची माणसं कमी झाली आणि परमनंट कामगारांपर्यंत झळ पोहोचली ती ब्लॉक क्लोजरच्या रूपात.

कायद्याची रचनाही याला हातभार लावते. ‘ले-ऑफ’ म्हणजे तात्पुरतं काम देता न येणं. त्या दिवसांसाठी मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 50 टक्के भरपाई मिळते. पण त्यासाठी पन्नास किंवा त्याहून जास्त कामगारांचा कारखाना हवा, मस्टरवर नाव हवं, वर्षाची सलग सेवा हवी, आणि बदली (म्हणजे दुसऱ्याच्या जागी तात्पुरते येणारे) किंवा कॅज्युअल कामगार त्यातून वगळलेले आहेत. कायमची कपात केली तर सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार. म्हणजे ज्याची नोकरी सगळ्यात कच्ची, त्याला काढणं सगळ्यात स्वस्त. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांमध्ये, ले-ऑफ किंवा कपातीसाठी सरकारची आगाऊ परवानगी लागण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली. ठरावीक मुदतीच्या कामगाराला मात्र एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. काढलेल्या माणसाला नवं कौशल्य शिकण्यासाठी मालकाने 15 दिवसांच्या पगाराइतकी रक्कम देण्याची तरतूदही आली.

एप्रिल-मे 2020 मध्ये हा फरक रस्त्यावर दिसला. 29 मार्चला केंद्र सरकारने आदेश काढला, की टाळेबंदीच्या काळातही पूर्ण पगार द्या. आदेशाचा हेतू माणुसकीचा होता. पण ज्यांची विक्री शून्यावर आली ते कारखानदार पैसा आणणार कुठून, याचं उत्तर त्यात नव्हतं. मे महिन्यात आदेश मागे घेतला गेला आणि 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात तोडगा काढावा असं सांगितलं. तोवर मुंबई-आग्रा महामार्गावरून नाशिक ओलांडून माणसांचे जथे उत्तरेकडे चालत गेले होते. पूर्ण पगाराच्या आदेशाचा त्यांना काय उपयोग होता? त्यांच्यातल्या बहुतेकांचं नाव कुठल्याच मस्टरवर नव्हतं.

जपाननेही हे पाहिलं आहे. तिथे नियमित कामगाराला वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, बोनस मिळतो. तो कंपनीच्या स्थितीनुसार कमीजास्त होतो, आणि म्हणून मंदीत नोकरकपात टळते, असं कौतुक बरीच वर्षं झालं. पण 2008 च्या आर्थिक संकटात एजन्सीमार्फत घेतलेल्या कामगारांना कारखान्यांनी झपाट्याने काढलं. नोकरीबरोबर कंपनीची खोलीही गेली. त्या वर्षअखेरीला टोकियोच्या हिबिया पार्कमध्ये स्वयंसेवी संघटनांनी तंबू टाकले, तिथे सुमारे 500 जणांनी नवं वर्ष काढलं. नियमित कामगारांचा बोनस हलता होता, तरी कारखान्यांनी आधी सोडलं ते या माणसांनाच.

म्हणून पुढच्या करारात कंपनीने पगाराचा काही भाग उत्पादनाशी किंवा नफ्याशी जोडायचा प्रस्ताव आणला, तर तो ऐकताच झिडकारू नये आणि ऐकताच मान्यही करू नये. आधी बघावं की तो भाग कशाला जोडलाय. आपल्या लाइनवरच्या उत्पादनावर कामगाराचं थोडंफार नियंत्रण असतं. मुख्य कार्यालयातून येणाऱ्या नफ्याच्या आकड्यावर काहीच नसतं. हिशोब युनियनला दाखवायचं कलम आहे का? पक्का भाग एवढा आहे का, की सगळ्यात वाईट महिन्यातही भाडं, किराणा, शाळेची फी आणि हप्ता निघेल? किमान वेतनाच्या आसपास कमावणाऱ्याच्या पगारात हलवायला काही नसतंच, त्याला या चर्चेतून बाहेरच ठेवलं पाहिजे. आणि पगार खाली येईल तेव्हा माणूस काढला जाणार नाही, हे तारखेसह लिहिलंय का? तोंडी आश्वासन साहेबाची बदली झाली की संपतं.

ज्यांची नोकरी गेलीच, त्यांच्यासाठी ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 मध्ये सुरू झाली. मदतीचा दर 2020 मध्ये सरासरी वेतनाच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्के केला गेला, जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी. जर्मनीच्या तुलनेत हे तुटपुंजं आहे, पण पगारातून ईएसआय कापला जात असेल तर आपल्या शाखेत चौकशी जरूर करावी. अनेक कामगारांना ती योजना आहे हेच माहीत नसतं.

करारात एक गोष्ट मला अजून हवी वाटते: झळ कोणत्या क्रमाने सोसायची ते. आधी ओव्हरटाइम थांबेल, मग व्यवस्थापनाचा आणि परमनंट कामगारांचा हलता पगार खाली येईल, मग तास कमी होतील, आणि माणसं कमी करणं सगळ्यात शेवटी. त्या माणसांमध्ये ठेकेदाराकडची पोरंही मोजली जातील. याची किंमत काय पडते, ते छोट्या उदाहरणात दिसतं. पंधरा परमनंट आणि 14,000 वर राबणारे पाच ठेक्याचे, अशा कारखान्यात महिन्याला 42 हजारांची तूट आली, तर आज ठेक्याचे तिघे घरी जातात. मालकाने निम्मी तूट सोसली, तर त्या तिघांना ठेवायला प्रत्येक परमनंट कामगाराला मंदी संपेपर्यंत महिन्याला 1,400 रुपये सोडावे लागतात. असं कलम लिहायला कायद्याची आडकाठी नाही. त्यासाठी आधी युनियनच्या सभेत कुणीतरी उभं राहून 1,400 चा हा आकडा मोठ्याने मांडला पाहिजे, आणि मालकाने त्याच दिवशी हिशोबाची वही टेबलावर ठेवली पाहिजे.